परक्या लेकरांवर भागवलेली हौस

युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या तरुणांना सध्या सेवा विकत मिळते. दोन आठवडे, चार आठवडे किंवा सुट्टीपुरते काठमांडूला, कंबोडियातल्या सिएम रीपला, टांझानियातल्या अरुशाला नाहीतर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला जायचे. तिथल्या बालवाडीत किंवा बालगृहात तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि शनिवार-रविवारी देवळे, जंगले, डोंगर पाहायचे. राहण्याजेवण्यासकट फी भरली की झाले. अनेक ठिकाणी शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही, अनुभव लागत नाही, मुलांची भाषाही यावी लागत नाही. मुलांची आवड असली म्हणजे पुरे, असे सांगितले जाते. याचे नाव बालशिक्षणातली स्वयंसेवा, आणि जोडीला सांस्कृतिक देवाणघेवाण.

मी याला गरिबाच्या लेकरावर भागवलेली श्रीमंताची हौस म्हणतो. हा आरोप केवळ गोऱ्या पाहुण्यांवर नाही. ज्या समजुतीवर हा बाजार उभा आहे, ती समजूत आपल्या घरांत, आपल्या गावांत आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांत तितकीच घट्ट बसली आहे. लहान मुलांना सांभाळायला आणि शिकवायला काही यावे लागत नाही, ते कोणीही करील. आणि मूल गरिबाचे असेल तर कोणीही चालेल, अशी ती समजूत आहे.

शेजारच्या नेपाळपासून सुरुवात करू. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे त्या देशाने माओवादी युद्ध सोसले. त्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल हिंडू लागले. ‘तुमच्या पोराला युद्धापासून वाचवतो, काठमांडूत शाळेत घालतो,’ असे सांगून त्यांनी आईबापांकडून पैसे उकळले आणि मुले राजधानीत आणली. घरी आईबाप वाट पाहत असताना इकडे मुलांच्या अनाथपणाचे कागद तयार झाले. कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला. जगप्रवासाला निघताना थोडी सेवाही घडावी, एवढाच त्याचा विचार होता. पुढे त्याला कळले की ज्यांना तो अनाथ समजत होता, त्या मुलांचे आईबाप जिवंत आहेत. त्यांच्या शोधात तो हुमलाचे डोंगर पायी चढला आणि मुलांना घरी पोचवण्यासाठी त्याने संस्था काढली. त्याचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. पण त्याच वाटेने आलेले बाकीचे पाहुणे मुलांसोबत फोटो काढून परतले, त्यांनी काय केले? त्यांच्या फीने आणि देणग्यांनी त्या दलालांची दुकाने चालत राहिली.

नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी जिवंत आहे, असे युनिसेफने सांगितले आहे. आणि ही बालगृहे आहेत कुठे? बहुतेक सगळी काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्याच्या भागात आणि चितवनमध्ये. म्हणजे जिथे पर्यटक उतरतात तिथे. अनाथ मुले काय पर्यटकांच्या वाटेवरच जन्माला येतात? मुले जिथे गरीब आहेत तिथे बालगृह निघत नाही, पाहुणा जिथे पैसे घेऊन येतो तिथे निघते. एवढ्या एका गोष्टीवरून हा सारा व्यवहार कोणासाठी आहे ते उघड होते.

कंबोडियाचे दुःख याहून जुने. पोल पॉटची संहारक राजवट संपून जवळजवळ तीस वर्षे झाली होती, त्या संहारात पोरकी झालेली पिढी केव्हाच मोठी झाली होती. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या बालगृहांची संख्या तीनचतुर्थांशाने वाढली आणि २६९ वर गेली. त्यांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. अंगकोरची मंदिरे पाहायला येणाऱ्यांना संध्याकाळी अनाथ मुलांचा नाच दाखवला जाई आणि वर्गणीची पेटी पुढे केली जाई. अखेर २०११ मध्ये ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेला युनिसेफच्या साथीने मोहीम काढून जगाला सांगावे लागले, की मुले ही पर्यटकांनी पाहायची स्थळे नव्हेत. हे सांगावे लागले, यातच आपल्या काळाची लाज आहे.

कोणी म्हणेल, फसवणूक करणारे दलाल वेगळे आणि प्रेमाने आलेला तरुण वेगळा. तो तर मुलांना जवळ घेतो, खाऊ देतो, गाणी शिकवतो, त्यात वाईट काय? वाईट काय ते सांगणारे शास्त्र नवे नाही. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात दाखवून दिले, की बाळाला एका मायेच्या, टिकून राहणाऱ्या माणसाची गरज असते. ती भागली नाही तर मनाच्या वाढीवर खोल परिणाम होतो. २००० नंतर रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात अनाथालयांतल्या १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकून निवडली आणि पालक-कुटुंबांत ठेवली. ती मुले बुद्धीने आणि मनाने सावरू लागली, आणि जी जितकी लवकर घरात गेली तितकी अधिक सावरली. दक्षिण आफ्रिकेत लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये नेमके या परदेशी स्वयंसेवकांवरच बोट ठेवले. एड्सने पोरक्या झालेल्या मुलांना लळा लावून थोड्या दिवसांत निघून जाणारे पाहुणे त्या मुलांना पुन्हा पुन्हा सोडून गेल्याचे दुःख देतात, असे त्यांनी बजावले.

बालगृहाला भेट देऊन आलेली माणसे कौतुकाने सांगतात, ‘किती प्रेमळ मुलं! दारात पाऊल टाकलं नि धावत येऊन गळ्यात पडली.’ घरात वाढणारे तीन वर्षांचे मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाते, आजीच्या मांडीवर चढते, जरा वेळाने हळूच डोकावते. ती त्याची निरोगी वागणूक आहे. जे मूल कोणाच्याही कडेवर झेपावते, त्याला आपले माणूस कोण हे कधी नीट उमगलेलेच नसते. ती झेप प्रेमाची समजून आपण तिच्यावर खूश होतो आणि पंधरा दिवसांनी आपली बॅग भरतो. मागे राहिलेल्या मुलाच्या मनावर त्या आठवड्यांचा हिशेब कोण मांडतो? दर पंधरवड्याला उपटून नव्या जागी लावलेले रोप मूळ धरत नाही, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही कळते. शिकल्यासवरलेल्यांना माणसाच्या पोराबाबत ते कळू नये?

आता बालगृहे बाजूला ठेवू आणि ज्या बालवाडीत मुले रोज सकाळी येतात व दुपारी आपल्या घरी जातात, तिचाच विचार करू. तिथे जिवाला धोका कमी, पण अन्याय आहेच. तीन ते सहा या वयात मूल भाषेतून जग उभे करते. रंग, चव, नाती, भीती, वर-खाली, काल-उद्या हे सगळे ते घरच्या बोलीत पकडत असते. त्याच्यापुढे त्याची भाषा न येणारा पाहुणा इंग्रजी मुळाक्षरांचे तक्ते घेऊन उभा राहतो. मुले सुरात ओरडतात, पाहुण्याला वाटते शिकवले. त्याच वर्गात वर्षानुवर्षे राबणारी गावची बाई, जिला प्रत्येक मुलाचे घर, आजार आणि हट्ट ठाऊक असतात, ती त्या आठवड्यांत दुभाषी होते, पाहुण्यासाठी मुलांना गप्प बसवणारी होते. पाहुणा गेला की दुसरा येतो आणि तेच तक्ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू होतात. पाहुण्यांच्या फीचा एक हिस्सा जरी त्या बाईच्या पगारात आणि प्रशिक्षणात गेला असता, तरी मुलांना वर्षभर पुरणारी शिक्षिका मिळाली असती.

यातला सर्वांत काळा भाग बोलायला कठीण आहे, म्हणून तो बोलायलाच हवा. जिथे कोणाचीही चौकशी न करता मुलांच्या खोलीत शिरता येते, तिथे मुलांची शिकार करणारेही शिरतात. नैरोबीच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिलेला अमेरिकी तरुण मुलांच्या लैंगिक छळाबद्दल २०१५ मध्ये त्याच्याच देशाच्या न्यायालयात दोषी ठरला. हे दूरचे म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईत कुलाब्याच्या बाजूला ‘अँकरेज’ नावाने रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिशांना मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. उच्च न्यायालयात ते सुटले, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. गोव्यात मडगावच्या वेशीवर अनाथ मुलांचा पालनकर्ता म्हणून मिरवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. त्याच्याकडे परदेशी पाहुण्यांची ये-जा असे. दानधर्म करणारा माणूस म्हणून समाज त्याला मान देत होता. चांगुलपणाचा शिक्का बसला की आपण प्रश्न विचारणे थांबवतो. त्या थांबण्याची किंमत मुलांनी मोजली. गोव्याने पुढे २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. पण कायदा झाला म्हणून समाजाचे डोळे उघडलेच असे होत नाही.

आपणही या पापात वाटेकरी आहोत. बारशाचा, वाढदिवसाचा, लग्नाच्या पन्नाशीचा केक घेऊन आश्रमात जाण्याची रीत महाराष्ट्रातल्या शहरांत आता रुळली आहे. आपल्या लेकराने मेणबत्ती फुंकायची आणि आईबापांवाचून वाढणाऱ्या मुलांनी रांगेत उभे राहून टाळ्या वाजवायच्या. आपल्या घरच्या समारंभात कोणी परक्याची पोरे अशी शोभेला उभी केली, तर आपल्याला चालेल? कंपन्या वर्षातला एक दिवस कर्मचाऱ्यांना वस्तीतल्या बालवाडीत नेतात, एकाच रंगाचे टीशर्ट घालून भिंती रंगवतात आणि मुलांच्या गालावर फुलपाखरे काढतात. शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पवह्यांत सेवेचे तास भरायचे असतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात चार ओळींची समाजसेवा हवी असते, तीही दोन शनिवारांत मिळून जाते. आणि परदेशी पाहुणा गावात आला की शिक्षक वर्ग थांबवतात, मुलांना ओळीने बसवून गाणे म्हणायला लावतात. गोऱ्या माणसाने आपल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला की आपल्याला धन्य वाटते. ही मनाची गुलामी आहे, आणि ती आपण मुलांना वर्गातच शिकवतो.

या सगळ्याचे मूळ एका तुच्छतेत आहे. मूल सांभाळणे हे बाईचे काम, ते तिला जन्मतःच येते, म्हणून त्याला ना ज्ञान लागते ना मोबदला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज अंगणवाडी सेविका मुलांची वजने घेते, आहार वाटते, लसीकरणासाठी घरोघर हिंडते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, मोबाईलवर पोषणाची माहिती भरते आणि उरलेल्या वेळात बालशिक्षण करते. तरी सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे. २०१८ मध्ये केंद्राने तिचे मानधन महिन्याला ४,५०० रुपये ठरवले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला २०२२ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि संप नव्या वर्षात लांबला, तेव्हा किती पालकांनी त्यांच्या बाजूने आवाज उठवला? ज्या समाजाला आपल्या गावच्या प्रशिक्षित बाईला धड पगार देणे जड जाते, त्याने अप्रशिक्षित परदेशी पाहुण्याला मुलांच्या वर्गात मानाची खुर्ची द्यावी, यात नवल नाही. दोन्हींमागे लहान मुलाच्या शिक्षणाविषयीची तीच बेपर्वाई आहे.

मग परदेशातून येणे आणि परदेशात जाणे वाईट का? मुळीच नाही. जाणाऱ्याने कशासाठी जावे आणि काय घेऊन जावे, हा प्रश्न आहे. पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, वेगवेगळ्या देशांच्या लोकांना एकत्र राबवणारी आंतरराष्ट्रीय सेवासंस्था काढली. १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला तेव्हा ते स्वतः तिथे आले आणि गावे पुन्हा उभारण्याच्या कामाला लागले. ते शिक्षणाने अभियंता होते. जे येत होते, त्याच कामाला त्यांनी हात घातला.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. वय साठीच्या अखेरीला पोचले होते. महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरले, त्यांच्या मुलाला, मारिओला, ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. तरी त्या १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. या काळात त्यांनी मोठे काम केले ते शिक्षक घडवण्याचे. या देशाची मुले या देशाच्या शिक्षकांनीच शिकवायची आहेत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शेकडो माणसांनी पुढे आपापल्या प्रांतांत बालमंदिरे चालवली. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणायची ती ही. देणाऱ्याकडे देण्याजोगी विद्या होती, घेणाऱ्याला घेण्याचा अधिकार होता, आणि दोघांनी एकमेकांना वर्षे दिली.

घेणाऱ्याने डोळस असावे, हे ताराबाई मोडक यांनी करून दाखवले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्या आघाडीवर राहिल्या. माँटेसरींची पद्धत त्यांनी आदराने अभ्यासली, पण तिच्यातली महागडी साधने जशीच्या तशी उचलली नाहीत. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथून उगवली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. लहानपणी वैधव्य आलेल्या अनुताई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या भागातल्या मुलांच्या होऊन राहिल्या. त्याही तिथे बाहेरून आलेल्या होत्या, शहरातून, वेगळ्या बोलीतून. पण त्या आल्या आणि राहिल्या. वारली बोली शिकल्या, वारली घरांत बसल्या, हाताखाली नव्या शिक्षिका तयार केल्या. परक्याच्या लेकरावर आपला हक्क सांगायचा तर तो अशा आयुष्याने मिळवावा लागतो.

जगाला हळूहळू हे उमगते आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत घेतली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या आणि पर्यटनाच्या धोक्यांकडे लक्ष वेधले. पण ठराव न्यूयॉर्कमध्ये होतात आणि मुले वस्तीत राहतात. मधले अंतर आपल्याला कापायचे आहे.

म्हणून परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे: बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणाच्याही देशात मुलांसमोर शिक्षक म्हणून उभे राहू नका. जायचे तर तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली जा, मुलांच्या नव्हे तर तिच्या मदतीला जा, आणि निदान एक शालेय वर्ष राहण्याची तयारी ठेवा. तिची भाषा शिका. साधने बनवा, हिशेब लिहा, छप्पर दुरुस्त करा. एवढे जमत नसेल तर प्रवासी म्हणून जा, पैसे तिथल्या खाणावळीत खर्च करा आणि मुलांना त्यांच्या वर्गात सुखाने राहू द्या. जिथे मुलांना आईबापांपासून दूर ठेवले आहे त्या घराचा उंबरा हौसेने ओलांडू नका.

संस्थाचालकांनो, देशी असो वा परदेशी, ज्याच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी झालेली नाही त्याला मुलांजवळ पोचू देऊ नका, आणि तिथल्या शिक्षिकेच्या नजरेआड एक क्षणही राहू देऊ नका. मुलांचे चेहरे देणगीसाठी वापरू नका. गरिबी हे मूल आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही; देणगी आली तर आधी ती त्या आईच्या चुलीपर्यंत पोचवा. पालकांनो, पुढच्या वाढदिवसाचा केक आश्रमात नेण्याऐवजी त्या पैशात एखाद्या गरीब घरातले मूल घरीच कसे राहील ते पाहा. शाळांनो, सेवेचे तास मोजायचे असतील तर मुलांच्या अंगाखांद्यावर मोजू नका. आणि सरकारला जाब विचारायचा तर तो हा: माणसाच्या आयुष्यातली पहिली सहा वर्षे जिच्या हाती सोपवता, तिला कर्मचारी मानायला तुमची लेखणी का अडखळते?

करुणा स्वस्त झाली की तिची किंमत दुबळा मोजतो. इथे तो दुबळा तीन वर्षांचा आहे, त्याला तक्रार करता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, संप करता येत नाही. त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. ज्या दिवशी गावातले पालक बालवाडीच्या दारात उभे राहून पाहुण्याला त्याचे शिक्षण विचारतील, आणि त्याच तोंडाने पंचायतीला सेविकाताईंच्या पगाराचा प्रश्न विचारतील, त्या दिवशी लहान मुलाचा मान राखण्याची सुरुवात आपण केली असे म्हणता येईल. तोवर आपण दयाळू आहोत असे म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.